मेल्यानंतर माणूस नेमका असतो कुठे? एक बाई आणि चार पत्ते

उंबरठा
नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळतंय, आज लिहूनच टाकते. आत्या गेली त्याला काही महिने झाले. या काळात घरच्यांनी तिच्याबद्दल जे जे सांगितलं ते असं. मोठ्या काकांच्या मते ती वैकुंठाला गेली, सुटली. काकूंच्या मते तिचा प्रवास अजून चालूच आहे, वर्षभर चालतो, म्हणून वर्षश्राद्धापर्यंत घरात कार्य नको. गुरुजींनी सपिंडीकरण झाल्यावर सांगितलं की आता ती पितरांमध्ये जाऊन बसली. आणि चुलतबहिणीला मुलगी झाली तर तिला मांडीवर घेऊन ह्याच काकू म्हणतात, "आलीच की परत, हनुवटी बघ हनुवटी!"
म्हणजे एक बाई आणि चार पत्ते. बरं हे सगळे एकमेकांसमोर बसून बोलत होते आणि कुणालाच काही खटकलं नाही.
कुणाची चेष्टा करायची नाहीये, प्रश्न खरंच पडलाय. पुनर्जन्म होत असेल तर श्राद्ध कुणाचं? स्वर्ग-नरक असेल तर पुनर्जन्म कशाला? ख्रिश्चन-मुस्लिमांचं त्या मानाने सरळ असतं असं ऐकून आहे, एकदाच जन्म आणि मग न्याय. जाणकारांनी लिहावं. श्रद्धा-अंधश्रद्धा भांडण नको, प्लीज.

चौथा_प्रहर
शेवटच्या वाक्यासाठी शुभेच्छा :)

भुताटकी
माझा आयडी बघून मला तज्ज्ञ समजू नये. वाचतोय.

दगडफूल
उंबरठा, तुमच्या घरात चार वेगवेगळ्या काळांतली मतं एकत्र नांदतायत एवढंच. आपल्याकडे नवीन मत आलं की जुनं टाकून द्यायची पद्धत नाही, ते तसंच खाली राहतं.
ऋग्वेदात दहाव्या मंडलात यम हा परलोकाची वाट सर्वात आधी शोधून काढणारा, आणि मेलेला माणूस त्या वाटेने पितरांना जाऊन मिळतो. पुनर्जन्माचा स्पष्ट सिद्धांत तिथे सापडत नाही. तो ठळक होतो उपनिषदांत, आणि तोही किती बिचकत! बृहदारण्यकात आर्तभाग याज्ञवल्क्याला भर सभेत विचारतो की मेल्यावर वाणी अग्नीत गेली, प्राण वाऱ्यात, डोळे सूर्यात, मग तो माणूस राहिला कुठे? याज्ञवल्क्य म्हणतो, हात दे तुझा, हे चारचौघांत बोलायचं नाही. दोघं बाजूला जातात आणि जे बोलतात ते कर्माबद्दल.
मग छांदोग्यात पंचाग्निविद्या येते. मेल्यावर दोन वाटा. देवयानाने (देवांच्या वाटेने) गेलेला परत येत नाही. पितृयाणाने (पितरांच्या वाटेने) गेलेला चंद्रापर्यंत जातो, पुण्य संपेपर्यंत तिथे राहतो आणि पावसातून, धान्यातून पुन्हा जन्माला येतो. म्हणजे स्वर्ग की पुनर्जन्म या तुमच्या प्रश्नावरची तडजोड तिथेच झालीये, आधी हे आणि मग ते. काकूंचा वर्षभराचा प्रवास, वाटेतली वैतरणी नदी, दहा दिवसांच्या पिंडांनी अवयव तयार होणं हे गरुडपुराणातलं, खूप नंतरचं.
आणि तुमचा प्रश्न जसाच्या तसा आधी विचारून झालाय. कठोपनिषदात नचिकेता यमाला हेच म्हणतो, मेल्यावर माणूस असतो म्हणतात काही, नसतो म्हणतात काही, तू सांग. यम आधी टाळतो. देवांनासुद्धा याबद्दल शंका होती, दुसरा काहीतरी वर माग म्हणतो.

भुताटकी
खात्याचा प्रमुखच 'पुढचा प्रश्न' म्हणाला तर बाकीच्यांनी काय करायचं.

उंबरठा
दगडफूल, मस्त प्रतिसाद. पण श्राद्धाचं राहिलंच की.

इहवादी
ते चार्वाकांनी केव्हाच निकालात काढलंय. श्राद्धाचं अन्न मेलेल्याला पोचत असेल तर प्रवासाला निघालेल्या माणसाबरोबर शिदोरी कशाला द्यायची, घरी बसून कुणाला तरी जेवू घाला, त्याला वाटेत पोचेल! माधवाचार्यांनी १४व्या शतकात सर्वदर्शनसंग्रहात हा युक्तिवाद नोंदवलाय, खोडून काढायच्या हेतूने का होईना. मला आजवर याला समाधानकारक उत्तर मिळालेलं नाही.

दगडफूल
उत्तर दिलंय, समाधानकारक आहे का ते तुम्ही ठरवा. मनुस्मृती आणि याज्ञवल्क्यस्मृती म्हणतात की वडील वसू, आजोबा रुद्र, पणजोबा आदित्य समजायचे. म्हणजे आपण देतो ते या देवतांना, आणि पुढे पोचवायचं काम त्यांचं. मत्स्यपुराणाने तर पुढचाही बंदोबस्त केलाय, पितर देव झाला असेल तर ते अन्न त्याला अमृत म्हणून मिळतं, पशू झाला असेल तर गवत म्हणून. म्हणजे पत्ता बदलला तरी टपाल पोचतंच!
पण हे ठिगळ आहे हे जाणत्यांना कळत होतं. भारतरत्न पां. वा. काणे, ज्यांनी धर्मशास्त्राचा इतिहास लिहिण्यात हयात घालवली, त्यांनीच लिहून ठेवलंय की कर्म आणि पुनर्जन्मावर पक्का विश्वास असलेल्या माणसाला तीन पिढ्यांना पिंड देण्याची कल्पना त्याच्याशी जुळवणं अवघड जाईल. श्राद्ध आधीचं, पुनर्जन्म नंतरचा. दोन्ही ठेवले आणि सांधा तसाच राहिला.

पर्युषण
आम्हा जैनांकडे हा सांधाच नाही, कारण वेळच नाही :)
तत्त्वार्थसूत्र या आमच्या ग्रंथानुसार जीव एक शरीर सोडून दुसऱ्यात जायला जास्तीत जास्त तीन-चार समय घेतो. समय म्हणजे काळाचा सर्वात लहान अंश, पापणी लवायच्या आत असंख्य समय होऊन जातात. त्यामुळे तेरा दिवस भटकणं, वर्षभराचा प्रवास हे काहीच बसत नाही. कर्म ज्याचं त्याने भोगायचं, मुलाने काही केलं म्हणून बापाचं कर्म झडत नाही. स्वर्ग-नरक आहेत पण त्या सुद्धा गती, म्हणजे जन्माचेच प्रकार, मुदत संपली की बाहेर. अर्थात मुदत हसण्यासारखी नाही, पहिल्या नरकातच कमीत कमी १०,००० वर्षं.

तिरपा_डोळा
कमीत कमी १०,०००! तेही पहिल्यात! एकूण किती आहेत?

पर्युषण
सात. खाली खाली वाढत जातं.

तिरपा_डोळा
विचारलं नसतं तर बरं झालं असतं.

धम्मपथिक
आमच्या घरात आजोबांपासून पिंड बंद. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी ज्या २२ प्रतिज्ञा दिल्या त्यात सहावी तीच आहे, श्राद्धपक्ष करणार नाही, पिंडदान करणार नाही. त्यामुळे धागाकर्तीचा प्रश्न आम्हाला त्या रूपात पडत नाही.
दुसऱ्या रूपात पडतो मात्र. आत्मा नाही म्हणायचं आणि पुनर्जन्म आहे म्हणायचं, मग जन्म कुणाचा? मिलिंद राजाने नागसेन या भिक्खूला हेच विचारलं, जन्मतो तो तोच की वेगळा? नागसेन म्हणतो, तोही नाही आणि वेगळाही नाही, एका दिव्याने दुसरा लावला तर जोत इकडून उडून तिकडे गेली असं थोडंच असतं. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' मध्ये याचा अर्थ आत्म्याचा नाही तर पृथ्वी, आप, तेज, वायू या तत्त्वांचा पुनर्जन्म असा लावला. जगातले बरेच पारंपरिक बौद्ध तो तसा लावत नाहीत. तिबेटी लोक मृत्यू आणि जन्म यांच्या मध्ये ४९ दिवसांपर्यंतचा बार्दो मानतात, थेरवाद्यांना (श्रीलंका, थायलंडकडच्या बौद्धांना) अशी मधली अवस्थाच मान्य नाही. सगळे बुद्धाचेच. आणि खुद्द बुद्धाने तथागत (बुद्धत्व मिळवलेला) मेल्यानंतर असतो का नसतो याला उत्तर द्यायचंच नाकारलं होतं.

दगडफूल
धम्मपथिक, जाणुस्सोणी ब्राह्मणाचा संवाद आठवतोय का, अंगुत्तर निकाय या पाली ग्रंथातला? तो बुद्धाला अगदी उंबरठा यांचाच प्रश्न विचारतो, आम्ही श्राद्ध करतो ते पोचतं का. बुद्ध म्हणतो, तो प्रेतयोनीत असेल तरच, नरकात, पशुयोनीत, माणसांत किंवा देवांत असेल तर नाही. मग तो तिथे नसेल तर? तर तिथे असलेल्या दुसऱ्या नातेवाइकांना. आणि कुणीच नातेवाईक तिथे नसेल तर? बुद्ध म्हणतो, इतक्या दीर्घ काळात तिथे आपलं कुणीच नाही असं होऊच शकत नाही.

भुताटकी
हसून हसून पुरेवाट. शेवटचं वाक्य जगातल्या सगळ्या कुटुंबांना लागू.

धम्मपथिक
आठवतोय की. पण त्यावरून पिंडदान सिद्ध करू नका. तिथे दानाचं फळ देणाऱ्याला मिळाल्याशिवाय राहत नाही हा शेवट आहे, तो कुणी सांगत नाही.

रोझरी
"ख्रिश्चनांचं सरळ असतं" वाचून लिहायला बसले. कुठलं सरळ! मी कॅथलिक, नवरा प्रोटेस्टंट. सासरे वारले तेव्हा मी त्यांच्यासाठी मिस्सा (चर्चमधली प्रार्थनाविधी) सांगायला निघाले, तर नणंदेने दारातच अडवलं. शुद्धीस्थान (परगेटरी, स्वर्गाआधी आत्मा शुद्ध होतो ती जागा) बायबलमध्ये कुठे आहे दाखव म्हणाली. आमच्याकडे मक्काबीच्या दुसऱ्या पुस्तकात मेलेल्यांसाठी प्रार्थना आहे, पण ते पुस्तक त्यांच्या बायबलात नाहीच, दाखवणार काय? ल्यूथरची १५१७ ची सगळी भानगड सुरू झाली तीच शुद्धीस्थानातली शिक्षा कमी करून देणाऱ्या पत्रांच्या विक्रीवरून. ऑर्थोडॉक्स लोक मेलेल्यांसाठी प्रार्थना करतात पण आमची शुद्धीस्थानाची शिकवण मानत नाहीत. सेव्हन्थ डे अ‍ॅडव्हेंटिस्ट पंथाचे लोक म्हणतात मेलेला माणूस झोपलाय, शेवटच्या दिवशीच जागा होणार.
सर्वात भारी किस्सा पोप २२व्या जॉनचा. १३३१ पासून त्यांनी प्रवचनांत सांगायला सुरुवात केली की पुण्यवान आत्म्यांनासुद्धा देवाचं पूर्ण दर्शन शेवटच्या न्यायानंतरच होतं, तोवर नाही. धर्मपंडित खवळले. १३३४ मध्ये मरणाच्या दारात त्यांनी ते मत मागे घेतलं आणि १३३६ मध्ये पुढच्या पोपने दर्शन लगेच होतं असं अधिकृत जाहीर केलं. पोपलाच नीट माहीत नव्हतं तर माझ्या नणंदेचं काय घेऊन बसलात.

चौथा_प्रहर
मग मिस्सा झाली का?

रोझरी
झाली. नणंद मागच्या बाकावर बसली होती. गाणी सगळी म्हणाली, प्रार्थनेच्या वेळी तोंड मिटून.

निखारा
अवांतर: यानिमित्ताने हिंदूंनी आरआयपी लिहिणं बंद करावं ही विनंती, आपल्यात थडगं नसतं.

चौथा_प्रहर
आला, आला, तो प्रतिसाद आला. निखारा, त्यावर चार स्वतंत्र धागे आहेत, तिकडे जा बाबा.

साद
इस्लामबद्दल मी लिहितो. मृत्यू आणि कयामत (शेवटच्या न्यायाचा दिवस) यांच्या मध्ये बरज़ख, म्हणजे मधली अवस्था. कबरीत मुन्कर-नकीर हे दोन फ़रिश्ते प्रश्न विचारतात, तुझा रब कोण वगैरे. मग कयामत, हिशोब, जन्नत किंवा जहन्नम. इथपर्यंत बहुतेकांचं एकमत. पण उंबरठा यांच्या काकूंचा वाद आमच्याकडेही आहे, फक्त नाव वेगळं, ईसाल-ए-सवाब. मेलेल्याच्या नावाने कुरआन वाचलं तर त्याचं पुण्य त्याला पोचतं का? कुरआनातच आहे की माणसाला तेच मिळतं ज्यासाठी त्याने स्वतः धडपड केली. आणि हदीसमध्ये (पैगंबरांच्या वचनांत) आहे की माणूस मेला की त्याची कर्मं थांबतात, तीन सोडून: चालू राहणारं दान, उपयोगी पडणारं ज्ञान, आणि त्याच्यासाठी दुआ करणारी नेक औलाद. दुआ आणि दान पोचतं यावर वाद नाही. कुरआन-पठणाचं पोचतं असं हनफी पंथाचे लोक मानतात, दुसऱ्या पंथाचे इमाम शाफ़ई यांचं प्रसिद्ध मत पोचत नाही असं आहे. आमच्या घरी एक चाचा चाळिसावं करतात आणि दुसरे त्या दिवशी मुद्दाम बाहेरगावी जातात.

उंबरठा
म्हणजे सगळीकडे हेच! मला वाटत होतं भांडण धर्माधर्मांत असेल, इथे तर प्रत्येकाचं घरातच आहे.

चौथा_प्रहर
ज्यूंचं राहिलं. आईवडील गेले की मुलगा त्यांच्यासाठी कद्दिश ही प्रार्थना म्हणतो. पापी माणसाचा गेहिन्नोममधला (नरकातला) हिशोब १२ महिने चालतो असं मानतात. म्हणून मुलगा कद्दिश म्हणतो ११ महिनेच. पूर्ण १२ म्हटली तर आपला बाप पापी होता असं जाहीर केल्यासारखं होईल ना!
आणि पारशी मानतात की आत्मा तीन रात्री देहाजवळच असतो, चौथ्या पहाटे चिनवत पुलावर जातो आणि तिथे स्वतःचीच सद्सद्विवेकबुद्धी समोर येते. चांगलं वागला असाल तर सुंदर मुलगी, नाहीतर भेसूर बाई.

तिरपा_डोळा
११ महिन्यांची आयडिया फारच आवडली. देवालाही कळतंय, मुलालाही कळतंय, पण बोलायचं नाही.

समिधा
सगळे ग्रंथातलं सांगतायत, पुराव्याचं कुणीच बोलत नाही. इयन स्टीव्हन्सन या व्हर्जिनिया विद्यापीठातल्या मानसोपचारतज्ज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मागचा जन्म आठवणाऱ्या मुलांच्या सुमारे २,५०० केसेस गोळा केल्या. यात भारतातल्या पुष्कळ आहेत. आणि 'मरून परत आलेल्यां'चं म्हणाल तर २००१ मध्ये लॅन्सेटमध्ये डच अभ्यास आला, हृदय बंद पडून वाचलेल्या ३४४ रुग्णांपैकी ६२ जणांना काही ना काही अनुभव आला होता. हे सगळं थोतांड म्हणून उडवता येणार नाही.

इहवादी
थोतांड कुणी म्हणत नाही. पण स्टीव्हन्सनचाच डेटा नीट बघा की. ज्या समाजात पुनर्जन्मात लिंग बदलत नाही अशी समजूत आहे, उदा. लेबनॉनचे द्रूझ किंवा अलास्कातले त्लिंगित, तिथे त्यांना लिंग बदलल्याची केस मिळाली नाही. जिथे बदलू शकतं असं मानतात तिथे मिळाल्या. पुनर्जन्म हा निसर्गनियम असेल तर तो गावकऱ्यांचं मत विचारून चालतो का?
आणि ३४४ पैकी ६२ म्हणजे उरलेल्या २८२ जणांना काहीच आठवत नव्हतं. शिवाय हे सगळे वाचलेले. वाचला तो मेलाच नव्हता.

समिधा
सांगायची भाषा संस्कृतीप्रमाणे बदलते, अनुभव एकच असू शकतो ना. एकच डोंगर चार बाजूंनी पाहिला तर चित्रं वेगळीच येणार.

इहवादी
एक म्हणतोय डोंगर आहे, दुसरा म्हणतोय समुद्र आहे, तिसरा म्हणतोय बघणाराच नाही. ह्याला चार बाजू म्हणत नाहीत. एकदाच जन्म आणि अनेकदा जन्म ही दोन्ही विधानं एकाच वेळी खरी असू शकत नाहीत. सर्वधर्मसमभाव ठीक आहे, पण मग प्रत्येक धर्म काय म्हणतोय ते गांभीर्याने घ्या, सगळ्यांचं सरबत करू नका.

साद
इहवादींशी पहिल्यांदाच सहमत. स्क्रीनशॉट काढून ठेवतो.

दगडफूल
मरणोन्मुख अनुभवांबद्दल एक. सतवंत पसरिचा आणि स्टीव्हन्सन यांनी १९८६ मध्ये भारतातल्या १६ केसेस छापल्या. त्यात यमदूत येऊन धरून नेतात, वर वही बघितली जाते आणि कळतं की चुकून दुसऱ्यालाच आणलंय, मग परत पाठवतात! अमेरिकन लोकांना परत पाठवतात ते तुझी वेळ आली नाही किंवा तुझी कामं बाकी आहेत म्हणून, चुकीचा माणूस उचलला म्हणून नाही.

भुताटकी
हे वाचून माझी श्रद्धा बळकट झाली. इतकं ओळखीचं काम दुसऱ्या कुणाचं असूच शकत नाही. चित्रगुप्तजी, नावात साम्य असणाऱ्यांसाठी आधार लिंक करा.

निखारा
देवाधर्माची टिंगल फक्त आपलीच चालते. बाकीच्यांची करून दाखवा.

रोझरी
निखारा, वर पोपची झाली की हो. मीच केली.

मेघना_व
सगळं वाचलं, आता माझं. मरणानंतर काय याची एवढी चिंता वारकऱ्यांनी केलेलीच नाही. तुकोबा तर सरळ मोक्षच नको म्हणतात, हेचि दान देगा देवा मध्ये शेवटी काय मागतात? तुका म्हणे गर्भवासी, सुखे घालावे आम्हासी. फक्त विसर नको आणि संतांची संगत हवी. बाकी सगळे जन्ममरणातून सुटायला धडपडतायत आणि हा माणूस म्हणतो पुन्हा घाला. आणि तेच तुकोबा दुसरीकडे सुनावतात, भुके नाही अन्न, मेल्यावरी पिंडदान. मला वाटतं सगळ्या धर्मांत दोन माणसं भांडतायत. एक म्हणतो हिशोब ज्याचा त्याचा, कुणी मध्ये पडायचं नाही. दुसरा म्हणतो, मान्य, पण माझ्या आईसाठी मला काहीतरी करू दे. पहिला ग्रंथ लिहितो आणि दुसरा त्यात पळवाट ठेवायला लावतो.

पर्युषण
आमच्याकडे पळवाट नाही.

मेघना_व
घरात कुणी गेल्यावर तुम्ही काहीच करत नाही?

पर्युषण
दान करतो, भावना भावतो (चिंतन करतो). पण ते आपल्या स्वतःच्या कर्मनिर्जरेसाठी, म्हणजे आपलं कर्म झडावं म्हणून.

भुताटकी
बरं बरं.

इहवादी
मेघना_व, कल्पना छान आहे पण भाबडी आहे. त्या 'काहीतरी करू दे' वर पुरोहितवर्ग पोसला गेला, युरोपात पापमुक्तीची पत्रं विकली गेली, इथे वैतरणीसाठी गोदानं उकळली गेली. दुःखात असलेल्या माणसाला नाही म्हणता येत नाही, हे ज्याला कळलं त्याने दुकान टाकलं.

मेघना_व
दुकान टाकलं हे खरंच. पण गिऱ्हाईक दुकानदाराने निर्माण केलं नाही. तुम्ही उद्या सगळी दुकानं बंद करा, लोक फोटोसमोर बसून बोलतीलच.

इहवादी
बोलू देत की. फुकट आहे तोवर माझं काही म्हणणं नाही.

उंबरठा
मंडळी, धागा कुठल्या कुठे गेला, पण मजा आली. काल धीर करून काकूंनाच विचारलं की आत्या प्रवासात आहे म्हणता आणि बाळाच्या रूपात आली पण म्हणता, नक्की काय? त्या बाळाचं लंगोट बदलत होत्या, मान पण वर केली नाही. म्हणाल्या, "वर्षश्राद्ध मी करणार आणि हनुवटीही तिचीच आहे. तुला त्यातलं एक कशाला कमी करायचंय?" मी म्हटलं अहो पण दोन्ही कसं शक्य आहे. तर म्हणाल्या, "मला काय विचारतेस, शक्य करणारा वर बसलाय, त्याला विचार." आणि घाण लंगोट माझ्या हातात दिलं.

दगडफूल
काकूंनी मत्स्यपुराण न वाचता मत्स्यपुराण सांगितलं. दंडवत.

धम्मपथिक
काकूंना दंडवत ठीक आहे, पण ते उत्तर नाही. प्रश्न बंद करणं आणि उत्तर देणं यात फरक आहे. बुद्धाने उत्तर नाकारलं तेव्हा कारण सांगितलं होतं, की या प्रश्नाने दुःख कमी होत नाही.

रोझरी
मला तर काकू आणि बुद्ध एकच सांगतायत असं वाटलं, लंगोटासकट.

साद
उंबरठा, आत्याच्या नावाने काही दान करणार असाल तर चालू राहणारं करा. पाण्याची सोय, पुस्तकं, कुणाची फी. ते पोचतं यावर इथल्या बहुतेकांचं काहीतरी जुळेल, इहवादी सुद्धा फीला नाही म्हणणार नाहीत.

इहवादी
फीला हो. पोचण्याला नाही.

पर्युषण
आणि पोचायचं कुणाला, ती तर तीन समयात...

तिरपा_डोळा
पर्युषणभाऊ, कळलं!